खोलीत राहून गेलेला ढाळ

मे महिन्याच्या अखेरीस आमच्या झोपायच्या खोलीत नवी लाकडी फरशी बसवून जेमतेम चार दिवस झाले होते. रात्री पाणी प्यायला उठले की खिडकीजवळच्या तिवईवर ठेवलेल्या तांब्यावरचे फुलपात्र मी हात लावायच्या आधीच किणकिणायचे. पहिल्या रात्री तिवईचा पाय आखूड असेल असे वाटून त्याखाली कागदाची घडी सरकवली. दुसऱ्या रात्री घडी काढून टाकली, कारण तिवई जागच्या जागी घट्ट उभी होती आणि हलत होती ती तिच्याखालची जमीन. मी पाऊल टाकले की फळ्या किंचित खाली जात, पाऊल उचलले की वर येत, आणि त्या वर येण्याबरोबर फुलपात्र वाजे.

कोथरूडमधली आमची इमारत १९८४ सालची आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे घरभर दहा इंची मोझॅकच्या फरश्या आहेत आणि एवढ्या वर्षांनंतरही त्या पॉलिश केल्या की तोंड दिसावे अशा चकाकतात. त्यांच्यावर माझा राग नव्हता. परंतु ह्यांचे गुडघे गेली दोन वर्षे कुरकुर करीत आहेत आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे त्या गार फरशीवर पाय टेकवणे त्यांना नकोसे होत असे, म्हणून निदान झोपायच्या खोलीत लाकूड घालावे असे ठरले. जुनी फरशी उखडायची म्हणजे धूळ, राडारोडा, खालच्या मजल्यावरच्यांची नाराजी आणि लिफ्टमधून खाली न्यायची पोती. त्यापेक्षा आहे त्या फरशीवरच लॅमिनेटच्या फळ्या बसवा, दोन दिवसांत काम होते, असे ठेकेदाराने सुचवले आणि आम्हाला ते पटले. लाकडी फरशी असे आपण सरसकट म्हणतो, पण लॅमिनेट म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या घट्ट पाट्यावर लाकडाचे छायाचित्र आणि त्यावर टणक पारदर्शक थर. आमच्या फळ्या ८ मिलिमीटर जाडीच्या, सुमारे ४ फूट लांब आणि साडेसात इंच रुंद होत्या. सुतार ज्याला नर-मादी म्हणतात तसल्या सांध्याने त्या एकमेकींत अडकतात. खालच्या जमिनीला त्या चिकटवत नाहीत आणि खिळवतही नाहीत. खाली फोमची पातळ चटई असते आणि तिच्यावर सगळी फरशी एक अखंड चादर होऊन नुसती पडून राहते.

ठेकेदाराला फोन केला तेव्हा ते म्हणाले, "काकू, नवीन आहे, महिन्याभरात बसेल." या "बसेल" शब्दाने आमचे पाच आठवडे गेले. त्यात तथ्य अजिबात नसते असेही नाही. फोमवर पडलेली फरशी पायाखाली किंचित दबते, मिलिमीटरभर दबावीही, आणि जड कपाट-पलंग आले की फोम थोडा चेपून हालचाल कमी होते. परंतु जिथे खाली पोकळी आहे तिथे चेपण्यासारखे काही नसतेच. तिथे फळी रोज शंभर वेळा वाकते, आणि तिचा सांधा, ज्याची जीभ फार तर दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते, रोज शंभर वेळा मुरगळला जातो. वाट पाहण्याने ती फरशी बसत नाही, मोडते. हे मला तेव्हा कळले असते तर नंतर टाकून द्याव्या लागलेल्या फळ्यांपैकी निम्म्या वाचल्या असत्या.

मी बँकेत तेहतीस वर्षे नोकरी केली. ताळेबंद जुळत नसेल तर फरक कुठल्या पानावर आहे ते आधी शोधायचे, ही सवय हाडीमासी खिळलेली असल्यामुळे एका रविवारी दुपारी पलंग सोडून बाकीचे सामान बाहेर काढले आणि खडू घेऊन खोलीभर फिरले. पायांत मोजे घातले होते, कारण अनवाणी पायांना फळीचा स्पर्श जाणवतो आणि मोज्यांतून फक्त हालचाल जाणवते. वीतभर अंतरावर एकेक पाऊल, प्रत्येक पावलावर पूर्ण वजन, आणि जिथे दबल्यासारखे वाटले तिथे फुली. त्यानंतर लाटणे उभे धरून त्याच्या टोकाने फळ्या वाजवल्या. भरीव जागी टक् असा कोरडा आवाज येतो, पोकळ जागी ढप् असा, रिकाम्या डब्यासारखा. तासाभराने उभी राहून पाहिले तेव्हा फुल्या खोलीभर विखुरलेल्या नव्हत्या. बहुतेक सगळ्या खिडकीच्या बाजूला एका आडव्या रेषेभोवती जमल्या होत्या, आणि ती रेषा खिडकीच्या भिंतीपासून बरोबर चार फुटांवर होती. याशिवाय एक लहानसा पुंजका पलंगाच्या पायथ्याशी होता.

ती चार फुटांची रेषा पाहिल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण पडला नाही. तो पडायला जुलै उजाडला.

आता प्रश्न होता तो नेमके किती दबते हा. "खूप हलते" असे ठेकेदाराला सांगितले की तो "थोडेसे हलणारच" असे सांगणार, हे उघड होते. फळ्यांच्या एका खोक्यात माहितीपत्रकाची घडी सापडली. ती कोणी उलगडलेली दिसत नव्हती. तिच्यात स्वच्छ छापले होते की खालच्या जमिनीवर २ मीटर लांबीची सरळ पट्टी ठेवली असता तिच्याखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असू नये, आणि फळ्या बसवण्यापूर्वी ४८ तास त्याच खोलीत ठेवाव्यात. आमच्या फळ्या सकाळी टेम्पोतून उतरल्या आणि दुपारी बसू लागल्या होत्या. ३ मिलिमीटर मोजायला घरात काय आहे याचा विचार करताना मला माझ्या टेबलाच्या खणातली मुदत संपलेली एटीएम कार्डे आठवली. जगभर ही कार्डे ०.७६ मिलिमीटर जाडीची असतात, म्हणजे चार कार्डे एकावर एक ठेवली की ३ मिलिमीटर झाले. दबण्याचे माप घेण्यासाठी मात्र दुसरी युक्ती केली. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, भिंतीला पक्के असते आणि फळ्या त्याखाली मोकळ्या असतात. म्हणून त्या आडव्या रेषेच्या टोकाशी स्कर्टिंगवर कागदाची पट्टी चिकटवली, फळीच्या पातळीवर टोकदार पेन्सिलीने रेघ ओढली, ह्यांना फळीवर उभे केले आणि पुन्हा रेघ ओढली. दोन रेघांमधले अंतर ५ मिलिमीटर भरले. खोलीच्या आतल्या बाजूला हाच प्रयोग केला तेव्हा दोन रेघा जवळजवळ एकमेकींवर आल्या.

"हे ७८ किलोंचे दबणे आहे," ह्यांनी आपले वजन नोंदवून ठेवायला सांगितले. ह्यांचा जन्म कारखान्यातल्या नकाशांवर गेला असल्यामुळे त्यांना एवढ्यावर राहवले नाही. विजेच्या बिलाच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला. दोन्ही टोकांना टेकलेल्या फळीच्या मधोमध वजन ठेवले तर तिचे वाकणे टेकूंमधल्या अंतराच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे पोकळी एक फुटाऐवजी दोन फूट लांब झाली तर वाकणे दुप्पट न होता आठपट होते. जाडीचेही तसेच, पण उलट दिशेने. म्हणून दुकानदाराने पुढे जेव्हा "८ ऐवजी १२ मिलिमीटरची फळी घ्या, हलणार नाही" असा सल्ला दिला, तेव्हा तो निव्वळ विक्रीचा होता असे म्हणता येणार नाही. दीडपट जाडीची फळी ३.४ पट कमी वाकते, हे खरे आहे. परंतु खालची पोकळी तशीच राहते, आणि जाड फळीही त्या पोकळीवर आधाराविना वाकतच राहते, फक्त कमी, एवढाच काय तो फरक पडला असता.

लहानपणी सदाशिव पेठेतल्या आजोळच्या वाड्यात माडीवर आम्ही मुले उड्या मारू लागलो की खाली स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी वाजत आणि आजी पळीने तुळईवर ठोकून आम्हाला गप्प करी. ती जमीनही लाकडीच होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत तुळया, त्यांच्यावर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर घालून वरून सारवण. ती हलायची, पण तिचे हलणे वेगळे होते. सगळी माडी मिळून झुलायची, कुठेही उभे राहिले तरी हेलकावा जाणवे, आणि खणाच्या मधोमध तो सर्वांत मोठा, कारण तिथे तुळईचा टेकू सर्वांत दूर. आमच्या नव्या फरशीचे दबणे एका जागेपुरते होते आणि दोन पावले पुढे गेले की संपत होते. लाकडी जमीन हलते आहे असे कोणी म्हणाले तर हा भेद आधी तपासावा. खोलीभर झुलत असेल तर आधार अपुरे आहेत. ठरावीक ठिकाणीच दबत असेल तर तिथे खाली काहीतरी नाही. आमच्याकडे खाली भक्कम काँक्रीटचा स्लॅब असताना झुलण्याचा प्रश्नच नव्हता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गुंता वाढला. पाऊस चार दिवस लागून राहिला होता, खिडक्या बंद होत्या, आणि दारातून आत पाऊल टाकताच दोन फुटांवर पाय खाली जाऊ लागला. इथे आधी एकही फुली नव्हती. मला वाटले, फोम फाटला असावा, दोष पसरतो आहे. ह्यांनी सरळ पट्टी आडवी ठेवली आणि पट्टीचे एक टोक हवेत राहिले. ही जागा खोलगट नव्हती, फुगलेली होती. फळ्या मधोमध ६-७ मिलिमीटर वर उचलल्या गेल्या होत्या आणि पाय पडला की त्या जमिनीला टेकून पुन्हा वर येत होत्या. पायाला दोन्हीकडे एकच अनुभव येतो, जमीन खाली गेली असा. परंतु खिडकीशी सपाट फळी खड्ड्यात जात होती आणि दाराशी वर आलेली फळी आपल्या जागेवर जात होती. नुसत्या पायांनी परीक्षा केली असती तर दोन्ही दोषांना एकच औषध लागू झाले असते आणि त्यातला निदान एक बिघडला असता.

लाकूड हवेतले ओलसरपण घेते आणि सोडते, हे प्रत्येक मराठी घराला पावसाळ्यात न लागणाऱ्या दारांवरून ठाऊक असते. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर असते. ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत मुरलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी असते, ८० टक्के आर्द्रतेत ते सुमारे १६ टक्के होते, आणि या फरकाने लाकूड रेषांना आडव्या दिशेने फुगते. भुगा दाबून केलेला पाटा याहून कमी पाणी घेतो आणि त्याला रेषाही नसतात, पण फुगतो तोही. म्हणूनच अशा फरशीच्या चारही कडांना भिंतीपासून ८ ते १० मिलिमीटर मोकळी फट सोडायची असते आणि ती स्कर्टिंगखाली झाकायची असते. आम्ही दाराजवळचे स्कर्टिंग पटाशीने अलगद सोडवले. खाली फट नव्हतीच. फळीची कड भिंतीच्या गिलाव्याला भिडली होती, दाराच्या चौकटीशी तर ती इतकी घट्ट कापून बसवली होती की पोस्टकार्ड जाईना, आणि वरून सिलिकॉन भरून कड देखणी केली होती. समोरच्या बाजूला भिंतीतल्या कपाटाचा तळ होता आणि तिथेही फळ्या तशाच टेकलेल्या. १० फूट रुंदीची चादर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलेली, तीही मे महिन्याच्या कोरड्या हवेत. पावसाळ्यात ती फुगली तेव्हा तिला वर उचलले जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हा दोष दुरुस्त व्हायला एक दुपार पुरली. शेजारच्या इमारतीत काम करणारे एक वयस्क सुतार मिस्त्री आले, त्यांनी भिंतीकडेची कड यंत्राने १० मिलिमीटर कापली, चौकटीचा पाय फळीच्या जाडीएवढा खालून कापून फळी त्याखाली सरकू शकेल अशी केली आणि सिलिकॉन खरवडून काढले. कापता कापताच फरशी चर्र असा आवाज करून थोडी खाली बसली. उरलेला फुगवटा दोन दिवसांत ओसरला. ठेकेदाराने याच जागेसाठी फोनवर जो उपाय सुचवला होता, तो म्हणजे दोन स्क्रू मारून फळी खाली दाबणे. तो केला असता तर मोकळ्या चादरीला मधोमध खुंटी मारल्यासारखे झाले असते आणि पुढच्या पावसाळ्यात फुगवटा स्क्रूच्या पलीकडे निघाला असता.

मिस्त्रींना मी खिडकीकडच्या फुल्या दाखवल्या. त्यांनी लाटण्याऐवजी बोटांच्या पेरांनी फळी वाजवली, चार फुटांच्या रेषेवर उकिडवे बसले, डोके वर करून छताकडे पाहिले आणि विचारले, "इथं आधी गॅलरी होती का?"

छतात त्या रेषेवर तुळई आहे. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही गॅलरी खोलीत घेतली, दार काढले, उंबरा फोडला आणि खिडकी पुढे नेली. मी स्वतः या घरात राहते आणि ते काम माझ्या देखरेखीखाली झाले होते, तरीही फुल्यांची रेषा म्हणजे आमचा जुना उंबरा आहे हे मला दिसले नाही. गॅलरी खोलीत घेणे हा पुण्यातल्या त्या काळच्या इमारतींमध्ये घरोघरचा प्रकार आहे, आणि आता लाकडी फरशीची टूम आल्यावर अनेक घरांत हीच रेषा उमटत असणार. कारण साधे आहे. गॅलरी बांधतानाच तिच्या जमिनीला बाहेरच्या बाजूस ढाळ दिलेला असतो, पावसाचे पाणी आत न येता बाहेर वाहून जावे म्हणून. मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर. वर मोझॅक असेपर्यंत हा ढाळ कोणाच्या लक्षात येत नाही. फरशा लहान असतात, जमिनीचा उतार जसाच्या तसा घेतात, आणि खुर्चीचा पाय थोडा खाली आहे म्हणून कोणी तक्रार करीत नाही. चार फुटी ताठ फळीला मात्र उतार घेता येत नाही.

फरशी उचलायचे ठरले. अशी फरशी वाटेल तिथून उचलता येत नाही. जिथे शेवटची ओळ बसली तिथून उलट क्रमाने एकेक ओळ तिरपी करून सोडवावी लागते. १६० चौरस फुटांत साठ-पासष्ट फळ्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर खडूने ओळ आणि क्रमांक घातला आणि त्या पलंगावर रचल्या. खिडकीकडच्या अकरा फळ्यांच्या जिभा तुटलेल्या निघाल्या. काहींच्या कडेला बारीक पिवळट भुगा साचला होता, लाकडाला कीड लागल्यावर दिसतो तसा. तो सांध्यांनी एकमेकांना घासून पाडलेला होता.

फळ्यांखाली जे दिसले त्याने ठेकेदाराला ढाळ माहीत होता हे सिद्ध झाले. आतल्या खोलीत फोमचा एक थर होता. उंबऱ्यापलीकडे दोन, आणि खिडकीच्या भिंतीशी तीन. पातळी दाखवायला त्याने मऊ फोमचे थर वाढवत नेले होते, त्यामुळे रिकाम्या फरशीवर पाणसळ ठेवली असती तर बुडबुडा मधोमध आलाही असता. फोमचे काम आवाज कमी करणे आणि बारीकसारीक खडबडीतपणा पोटात घेणे हे आहे. खड्डा भरणे हे त्याचे काम नव्हे, कारण जितका जाड फोम तितका तो दबणार. थर काढून टाकल्यावर सरळ पट्टी जमिनीवर ठेवली. आतल्या खोलीत चार कार्डे बहुतेक ठिकाणी शिरेनात, फक्त पलंगाच्या पायथ्याशी पाच गेली आणि तिथली एक मोझॅकची फरशी वाजवली तेव्हा सुटलेली निघाली. फोडलेल्या उंबऱ्याच्या जागी सिमेंटचा जो पट्टा लिंपला होता तो दोन्ही बाजूंच्या फरशीपेक्षा ४ मिलिमीटर उंच होता. आणि खिडकीच्या भिंतीशी जमीन आतल्या खोलीपेक्षा १६ मिलिमीटर खाली होती. कार्डे पुरेनात म्हणून शेवटी मोजपट्टी घेतली. फळ्या खिडकीच्या दिशेने लांब बसवलेल्या असल्यामुळे प्रत्येक फळी उंबऱ्याच्या उंचवट्यावर तराजूच्या दांडीसारखी तोलली गेली होती. इकडे पाय दिला की तिकडचे टोक किंचित उचलायचे, आणि तिवई नेमकी तिकडच्या टोकावर होती.

ठेकेदाराने या टप्प्यावर भोके पाडून खाली डिंक सोडण्याची तयारी दाखवली. पूर्णपणे चिकटवून बसवलेल्या लाकडी फरशीत एखादी जागा पोकळ राहिली तर हा उपाय करतात आणि तो चालतो. आमची मोकळी पडलेली फरशी एका जागी चिकटवली असती तर पुन्हा दाराजवळच्यासारखीच गत झाली असती. थोडी वादावादी झाली, मोजमापांचा कागद पुढे ठेवला, आणि अखेर तुटलेल्या फळ्या बदलून देणे व पुन्हा बसवण्याची मजुरी न घेणे एवढे त्यांनी मान्य केले. जमीन समतल करण्याचा खर्च आमचा. मला हे पुरेसे न्याय्य वाटत नाही, पण गॅलरीचा ढाळ पंधरा वर्षांपूर्वी तसाच राहू द्यायला मीच संमती दिली होती, हेही खरे.

गवंडीकाम मिस्त्रींच्या ओळखीच्या एका गवंड्याने केले. उंबऱ्याचा उंचवटा ग्राइंडरने घासून काढला, त्या धुळीबद्दल न लिहिलेलेच बरे. सुटलेली मोझॅकची फरशी काढून पुन्हा बसवली. गॅलरीच्या भागातल्या गुळगुळीत फरशीला टाचे मारले, कारण तशा चकचकीत पृष्ठभागावर सिमेंट धरत नाही, त्यावर चिकटपणासाठी द्रावण लावले आणि लाइनदोरी ताणून सिमेंट-वाळूच्या मालाचा उतरता थर दिला, भिंतीशी जाड आणि उंबऱ्याकडे पातळ. उंबऱ्यापाशी त्याने चार बोटे रुंदीची खाच मुद्दाम खोदून घेतली. मी विचारले तेव्हा म्हणाला, माल शून्यावर आणून संपवला तर ती कड पापडासारखी सुटते, तिला संपायलाही थोडी जाडी लागते. सगळे वाळल्यावर आपोआप समपातळी घेणारे सिमेंटचे पातळ मिश्रण ओतून घेतले. ते बादलीतून ओतताना पाहणे मोठे समाधानाचे होते. डोशाच्या पिठासारखे ते पसरत जाते आणि मग कोणी काही न करता गप्प होते.

घाई करायची तर दुसऱ्याच आठवड्यात फळ्या बसवता आल्या असत्या. परंतु ऑगस्ट महिना होता, आणि सिमेंटचा थर चांगल्या हवेतही दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाळतो. ओल पाहण्याची एक सोपी रीत आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करायच्या आणि किमान १६ तास तसाच ठेवायचा. आम्ही तीन आठवड्यांनी दोन तुकडे लावले, एक आतल्या खोलीत आणि एक खिडकीखाली. सकाळी आतला कोरडा होता. खिडकीखालच्या तुकड्याच्या आतल्या बाजूला दंव धरले होते आणि त्याखालचे सिमेंट गडद झाले होते. पंधरवड्याने पुन्हा लावला, पुन्हा तेच. ही ओल नव्या मालाची नव्हती. खिडकीच्या चौकटीखाली बाहेरून एक तडा होता, तिथून पावसाचे पाणी झिरपून जुन्या ढाळाच्या दिशेला, म्हणजे भिंतीच्या पायाशीच, साचत होते. लॅमिनेट पुन्हा बसवले असते तर वर्षभरात त्याच्या कडा फुगून वळल्या असत्या आणि आम्ही पुन्हा फळ्यांनाच नावे ठेवली असती. तडा बाहेरून भरून घ्यायला पावसाची उघडीप मिळेपर्यंत सप्टेंबरचा शेवट आला. या काळात ह्यांनी रबरी चपला घालून सिमेंटवरून ये-जा केली आणि गुडघ्यांविषयी चकार शब्द काढला नाही.

तिसऱ्यांदा लावलेला तुकडा कोरडा निघाला तेव्हा दसरा आठ दिवसांवर होता. फळ्यांची खोकी या वेळी दोन दिवस आधी उघडून खोलीत आडवी ठेवली. खाली २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, सांध्यांवर वीतभर एकावर एक घेऊन चिकटवलेला, त्यावर फोमचा एकच थर, भिंतींकडेने लाकडाच्या १० मिलिमीटर जाडीच्या पाचरी लावून सोडलेली फट, आणि शेवटी पाचरी काढून स्कर्टिंग. ते भिंतीलाच ठोकले आहे आणि त्याचा एकही खिळा फळीत गेलेला नाही, हे मी प्रत्येक खिळ्यापाशी वाकून पाहिले. मिस्त्रींना ते फारसे रुचले नसावे. तरी ते काही बोलले नाहीत, फक्त एकदा हातोडी माझ्यापुढे धरून हसले.

सामान परत लावल्यावर पुन्हा मोजे घालून खोलीभर फिरले. पलंगाच्या पायथ्याशी एका जागी अजून थोडे दबते. कागदाची पट्टी लावून मोजले तर एका कार्डाएवढे, कदाचित त्याहूनही कमी. ती जागा मी तशीच ठेवली आहे आणि तिथे स्कर्टिंगवर तारखेसह पेन्सिलीची रेघ आहे, पुढच्या जुलैत पुन्हा मोजण्यासाठी. तिवई खिडकीशी पूर्वीच्याच जागी आहे. ह्यांना रात्री मी पाण्याला उठल्याचे कळत नाही म्हणून त्यांनी तक्रारीच्या सुरात विचारले, फुलपात्र बदललेस का.